शुद्ध प्रत कोणी काढली?



गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात एक तरुण वाचक भेटला. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं, येत्या डिसेंबरात लग्न ठरलेलं. म्हणाला, "काका, तुमचं सदर मी फोनवर नेमाने वाचतो. आणि खरं सांगू, त्यात शुद्धलेखनाची एक चूक सापडत नाही. हल्ली असं कोण लिहितं?" मी छाती फुगवून आभार मानले. शेजारी बायको उभी होती. ती नुसती हसली.

आता तुम्हाला घरची गोष्ट सांगतो. मी अजूनही कागदावर पेनाने लिहितो. माझं अक्षर असं, की एकदा औषधाच्या दुकानदाराने मला 'डॉक्टरसाहेब' म्हटलं होतं. ते अक्षर लावून संगणकावर उतरवते ती बायको. माझे ऱ्हस्वदीर्घ तीच सुधारते, पाल्हाळ झालं तर समासात फुली मारते, आणि एखादं वाक्य दोनदा आलं असेल तर विचारते, "अहो, हे एकदा सांगून झालंय ना?" परत येताना दांडिया बाजारात शेवउसळ खायला थांबलो. तिथे ती एवढंच म्हणाली, "चुका नसतात, हे बाकी बरोबर सांगितलं त्याने."

त्यात राग नव्हता, टोमणाही नसेल. पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. घरी आल्यावर कपाटातलं टॉलस्टॉयच्या चरित्राचं पुस्तक काढलं आणि दोन रात्री जागून पुन्हा वाचलं. या महिन्यात त्याच घराबद्दल लिहितो आहे. घर रशियातलं आहे, गोष्ट शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची आहे. पण वाचताना मला सारखं वाटत होतं की ही माणसं आपल्या ओळखीची आहेत.

1862 सालच्या सप्टेंबरमधली गोष्ट. लेव टॉलस्टॉय 34 वर्षांचा. सैन्यात राहून आलेला, जुगारात पैसे घालवलेला, लेखक म्हणून नाव होऊ लागलेलं. सोफिया बेर्स 18 वर्षांची, राजवाड्याच्या डॉक्टरची मुलगी, मॉस्कोत क्रेमलिनच्या आवारात वाढलेली. मागणी घातल्यापासून एका आठवड्यात लग्न झालं. त्या आठवड्यात नवरदेवाने काय करावं? आपल्या जुन्या रोजनिश्या वाचायला दिल्या. त्यात तरुणपणातलं सगळं होतं. जुगार होता, बायका होत्या, आणि आपल्याच जहागिरीवरच्या एका शेतकरी स्त्रीशी असलेले संबंधही होते. त्याला वाटलं, आपण प्रामाणिकपणा करतो आहोत. तिने रडत रडत ते वाचलं आणि लग्नाला उभी राहिली. पुढे जहागिरीवर राहायला गेल्यावर ती स्त्री तिला समोर दिसू लागली. 'अ‍ॅना कॅरेनिना' वाचणाऱ्यांना लेविन आणि किटीचा असाच प्रसंग आठवेल. तो घरातूनच उचललेला आहे.

मॉस्कोपासून सुमारे 200 किलोमीटर दक्षिणेला यास्नाया पोल्याना ही टॉलस्टॉयची जहागीर. शहरातली मुलगी तिथे आली. 1863 ते 1869 या काळात टॉलस्टॉयने 'वॉर अँड पीस' लिहिली, आणि त्याच काळात त्यांना चार मुलं झाली. दिवसभर घर, नोकरचाकर, बाळंतपणं, दुखणीखुपणी. रात्री मुलं झोपली की सोफिया मेणबत्तीच्या उजेडात नवऱ्याच्या कागदांची शुद्ध प्रत काढायला बसायची. टॉलस्टॉयचं अक्षर अत्यंत वाईट. ओळींच्या मध्ये, समासात, कोपऱ्यांत तिरक्या दुरुस्त्या. कधी कधी तिला भिंग घ्यावं लागे. ती प्रत सकाळी त्याच्या टेबलावर जाई, आणि तो त्या स्वच्छ पानावर पुन्हा खाडाखोड करी. रात्री परत तेच. कादंबरीचे काही भाग तिने कितीतरी वेळा उतरवले.

माझ्या मनात आलं, ही तिची तक्रार असेल. तसं नाही. त्या वर्षांबद्दल तिने पुढे फार प्रेमाने लिहिलं आहे. आपल्या हातून काहीतरी मोठं घडतं आहे हे तिला कळत होतं, आणि तोही तिला वाचून दाखवायचा, तिचं मत विचारायचा. कष्ट होते, पण त्यात वाटा होता. मंडळी, हा शब्द लक्षात ठेवा. संसारात माणूस कष्टाने मोडत नाही, वाटा काढून घेतला की मोडतो.

1873 ते 1875 या काळात त्यांची तीन लहान मुलं एकामागून एक गेली. त्याच वर्षांत 'अ‍ॅना कॅरेनिना' लिहिली जात होती. एकूण 13 मुलांपैकी पाच लहानपणीच दगावली. बाहेर टॉलस्टॉयचं नाव वाढत होतं. घरात मात्र तो आतून खचत चालला होता. पन्नाशीच्या सुमारास त्याला प्रश्न पडला, की हे सगळं कशासाठी? त्या प्रश्नातून नवा टॉलस्टॉय निघाला. मांस सोडलं, दारू सोडली, तंबाखू सोडला. शेतात नांगर धरू लागला, चांभारकाम शिकून बूट शिवू लागला. मालमत्ता हे पाप, पैसा हे पाप, सरकारची हिंसा हे पाप. जगभरातून लोक त्याच्या दर्शनाला येऊ लागले. कादंबरीकाराचा आता गुरू झाला होता.

विचार थोरच होते, त्याबद्दल वाद नाही. पण एक व्यावहारिक प्रश्न उरत होता. घरात लहान-मोठी मुलं, त्यांची शिक्षणं, नोकर, येणारेजाणारे. हे चालवायचं कोणी? 1883 साली टॉलस्टॉयने मालमत्तेच्या कारभाराचं मुखत्यारपत्र बायकोच्या नावे करून दिलं. म्हणजे पाप त्याच्या हातून सुटलं आणि तिच्या हातात आलं! मग तिने पुस्तकं स्वतः प्रकाशित करायचं ठरवलं. त्यासाठी ती 1885 साली पीटर्सबर्गला जाऊन दस्तयेवस्कीच्या विधवा पत्नीला भेटली. ती बाई नवऱ्याची पुस्तकं स्वतः छापून विकत होती. तिच्याकडून धंद्याच्या खाचाखोचा समजून घेतल्या, मुद्रितं तपासली, हिशेब ठेवले. ज्या उत्पन्नाला नवरा पाप म्हणत होता, त्यावरच घर चालत होतं, आणि त्या घरात नवराही जेवत होता.

1891 साली टॉलस्टॉयने वर्तमानपत्रांतून जाहीर केलं, की 1881 नंतरचं आपलं सगळं लेखन कोणीही फुकट छापावं. आधीच्या पुस्तकांचे हक्क सोफियाकडे राहिले. तुमच्या पिढीला हे 'ओपन सोर्स'सारखं वाटेल, आणि खरंच काळाच्या पुढचं होतं ते. पण ज्या घरात पुस्तक हेच उत्पन्न, तिथे हा निर्णय जगाला सांगितला गेला तो घरच्यांची संमती मिळण्याची वाट न पाहता.

त्याच वर्षी आणखी एक प्रसंग घडला. टॉलस्टॉयच्या 'क्रॉइत्झर सोनाटा' या कथेवर सरकारी बंदी होती. त्या कथेत एक नवरा संशयाने बायकोचा खून करतो आणि लग्नसंस्थेबद्दल भयंकर गोष्टी बोलतो. सगळ्या रशियाला वाटलं, हे टॉलस्टॉयच्याच घरातलं आहे. लोक सोफियाकडे कीव केल्यासारखे बघू लागले. तिला ती कथा अजिबात आवडली नव्हती. तरीही ती स्वतः पीटर्सबर्गला गेली, झार तिसऱ्या अलेक्झांडरला भेटली आणि समग्र ग्रंथांच्या खंडात ती कथा छापायची परवानगी मिळवून आली. का? प्रकाशनाचा व्यवहार तिच्याकडे होता हे एक. आणि दुसरं म्हणजे, ही कथा माझ्यावर असती तर मी तिच्यासाठी रदबदली केली असती का, असं तिला जगाला दाखवायचं होतं. स्वाभिमानाची ही तऱ्हा मला आपल्याकडच्या जुन्या बायकांची आठवण करून देते. घरात भांडतील, पण बाहेर नवऱ्याचा शब्द खाली पडू देणार नाहीत.

घरी येऊन मात्र तिने उत्तर लिहिलं. 'चूक कोणाची?' अशा अर्थाच्या नावाची एक लघुकादंबरी. तसाच संसार, तसाच शेवट, पण बायकोच्या बाजूने सांगितलेला. नवऱ्याची कथा जगातल्या अनेक भाषांत गेली. तिची कादंबरी रशियात छापली गेली 1994 साली, म्हणजे शंभरेक वर्षांनी.

1895 साली त्यांचा सगळ्यांत धाकटा, सात वर्षांचाही न झालेला वानेच्का तापाने गेला. आईबापांना जोडणारा तो शेवटचा धागा होता, असं चरित्रकार सांगतात. सोफियाने संगीतात मन गुंतवलं. संगीतकार तानेयेव घरी येऊन पियानो वाजवू लागला तर टॉलस्टॉयला मत्सर वाटू लागला. 1897 साली त्याने घर सोडून जातो आहे असं पत्र लिहिलं, पण दिलं नाही. कागदांत लपवून ठेवलं. 1901 साली चर्चने टॉलस्टॉयला बहिष्कृत केलं, तेव्हा संतापून धर्माधिकाऱ्यांना जाहीर पत्र लिहिणारी सोफियाच होती. म्हणजे बघा, नवऱ्याच्या मतांशी तिचं पटत नव्हतं, पण त्याच्यावर कोणी बोट उगारलेलं तिला खपत नव्हतं.

अशा घरात तिसरा माणूस आला की काय होतं, हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. इथे तो माणूस होता चेर्तकोव, टॉलस्टॉयचा पट्टशिष्य. गुरूचा प्रत्येक कागद जगासाठी जपला पाहिजे ही त्याची तळमळ खरी होती. पण गुरूच्या रोजनिश्या त्याच्याकडे जाऊ लागल्या आणि बायकोला त्या बघायला मिळेनात. लग्नाआधीच्या आठवड्यात ज्या मुलीला न मागता रोजनिश्या वाचायला दिल्या, तिच्यापासून आता म्हातारपणी त्या लपवायच्या! 1910 साली तर टॉलस्टॉयने फक्त स्वतःसाठी एक छोटी वही ठेवली आणि ती बुटात लपवली. सोफियाला ती सापडलीच. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये 82 व्या वर्षात असलेल्या त्या माणसाने घरापासून दूर, जंगलात, झाडाच्या बुंध्यावर बसून मृत्युपत्रावर सही केली. सगळ्या लेखनाचे हक्क धाकटी मुलगी अलेक्झांड्रा हिच्या नावे, म्हणजे तिने ते पुढे सर्वांना खुले करावेत. बायकोला काहीही सांगितलं नाही. तिला वास मात्र लागला. मग कपाटं उचकणं, दाराशी कान लावणं, जीव देण्याच्या धमक्या. दोघांचाही तोल गेला होता.

आपल्या देशाशी याचा एक धागा आहे. दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रह करणारे मोहनदास गांधी तेव्हा टॉलस्टॉयशी पत्रव्यवहार करत होते. जोहान्सबर्गजवळच्या आपल्या आश्रमाला त्यांनी 1910 सालीच 'टॉलस्टॉय फार्म' असं नाव दिलं होतं. टॉलस्टॉयने त्यांना सविस्तर पत्र लिहिलं ते सप्टेंबर 1910 मध्ये. प्रेम हाच मानवी जीवनाचा सर्वोच्च नियम, असा त्या पत्राचा गाभा आहे. ते पत्र लिहून जेमतेम सात आठवडे झाले आणि हा माणूस रात्री अंधारात बायकोला चुकवून घरातून निघून गेला. मी हे त्याला खोटं ठरवायला सांगत नाही. त्याच्या त्या पत्रातून गांधीजींना बळ मिळालं, म्हणजे आपल्यालाही मिळालं. पण हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसावर प्रेम करणं सोपं असतं. शेजारच्या खोलीतल्या माणसाचं काय करायचं, हे अवघड.

28 ऑक्टोबरच्या रात्री, तिथल्या जुन्या पंचांगाप्रमाणे, टॉलस्टॉयला जाग आली. बायको त्याच्या खोलीत कागद चाळते आहे असं त्याला ऐकू आलं. सहन झालं नाही. डॉक्टर मित्राला उठवून तो निघाला. मागे पत्र ठेवलं, त्यात 48 वर्षांच्या सोबतीबद्दल तिचे आभारही मानले होते. पत्र वाचून सोफियाने तळ्यात उडी घेतली. लोकांनी बाहेर काढलं. इकडे टॉलस्टॉय आधी बहिणीला मठात भेटला, मग आगगाडीत त्याला न्यूमोनिया झाला आणि अस्तापोवो नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरवावं लागलं. स्टेशनमास्तरने आपलं घर दिलं. जगभरचे बातमीदार तिथे जमले. सोफिया खास गाडी करून आली, पण नवऱ्याला त्रास होईल म्हणून तिला आत जाऊ दिलं नाही. खिडकीतून आत डोकावणाऱ्या त्या बाईचा फोटो आजही पाहायला मिळतो. तो शुद्धीवर नसताना, अगदी शेवटी, तिला आत सोडलं. 7 नोव्हेंबरला, आपल्या पंचांगाने 20 नोव्हेंबरला, टॉलस्टॉय गेला.

मग चूक कोणाची? तरुणपणी मी टॉलस्टॉयच्या बाजूने होतो. एवढा मोठा माणूस, त्याला समजून न घेणारी कजाग बायको, असंच मनात होतं. चाळिशीत पूर्ण उलटलो. आता वाटतं, दोघांनाही एकमेकांवाचून करमत नव्हतं आणि एकमेकांबरोबर जगता येत नव्हतं. त्याच्याकडे जगाला देण्यासारखं काही होतं, ते त्याला कोंडून ठेवता येईना. तिने तारुण्य दिलं होतं, त्याची नोंद कुठेच होईना. मुलीने पुढे त्या हक्कांच्या पैशातून जमीन घेऊन शेतकऱ्यांना वाटली. वडिलांची इच्छा पुरी झाली. आणि सोफियाने? यास्नाया पोल्यानाचं घर, पुस्तकं, कागद नऊ वर्षं जपले, आणि 1919 साली ती गेली. त्याआधी कितीतरी हस्तलिखितं तिनेच मॉस्कोच्या संग्रहालयात सुरक्षित ठेवली होती. आज अभ्यासक जे कागद पाहतात, ते तिच्यामुळेही आहेत.

आपल्याकडे या बाबतीत एक चांगलं घडलं. कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 साली धर्मांतर केलं आणि लक्ष्मीबाईंचा संसार काही वर्षं दुभंगला. पण लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली, आणि आज टिळकांना आपण बरेचसे त्यांच्याच डोळ्यांनी ओळखतो. पु. ल. देशपांडे महाराष्ट्राचे लाडके, आणि सुनीताबाईंनी 1990 साली 'आहे मनोहर तरी' लिहिलं. तेव्हा आमच्या वाचनालयातही वाद रंगले होते. एवढं कशाला लिहायचं, असं पुष्कळांचं म्हणणं. मीही त्यात होतो. आज वाटतं, बरं झालं लिहिलं. दुसरी बाजू त्या जिवंत असताना, मराठीत, उजळ माथ्याने छापली गेली. सोफियाची शंभर वर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिली.

डिसेंबरात लग्न करणाऱ्या माझ्या तरुण मित्रा, उपदेश नको असेल तर हा परिच्छेद सोडून दे. तुमच्यापैकी एकाचं नाव दुसऱ्यापेक्षा मोठं होईल. कंपनीत असो, गाण्यात असो, फोनवरच्या व्हिडिओंत असो. होऊ दे. पण तीन गोष्टी सांभाळा. पैशाचे आणि त्यागाचे निर्णय जगाला सांगण्याआधी घरात सांगा, कारण त्यागाची किंमतही घर भरतं. आपली गाऱ्हाणी आधी एकमेकांकडे न्या, मग शिष्यांकडे आणि मित्रांच्या ग्रुपवर. आणि रात्री जागून तुमची शुद्ध प्रत काढणारं जे कोणी असेल, त्याचं नाव चारचौघांत घ्या. तो चुका नसल्याचं कौतुक करत होतास ना, ते ऐकताना मीच बोलायला हवं होतं. शेजारी उभी होती ती.

हा लेख मी पहिल्यांदाच स्वतः संगणकावर उतरवला. दोन बोटांनी, चार दिवस लागले. पाठवण्याआधी तिला वाचायला दिला. म्हटलं, "यापुढे सदराखाली तुझंही नाव घालायला सांगू का संपादकांना?" ती चष्मा लावून वाचत होती. म्हणाली, "घाला की. पण आधी हे ऱ्हस्वदीर्घ नीट करू द्या. माझ्या नावावर असलं काही जायला नको."

चुका 37 निघाल्या. त्या तिने दुरुस्त केल्या आहेत.